वही उलटी करायची राहिली

घरात तिला थोरली म्हणत. धाकटं कोणी पुढे झालंच नाही, पण नाव पडलं ते पडलं. वय चव्वेचाळीस. नोकरी इस्पितळात एक्स-रे काढण्याची, आणि सुट्ट्या साठवून साठवून जे करायची ते काम बायकांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामन्यांत पंचगिरीचं. दोन्ही कामांत साम्य काय, असं कोणी विचारलं की ती म्हणायची, दोन्हीकडे लोकांना हलू नका म्हणून सांगावं लागतं आणि दोन्हीकडे कोणी ऐकत नाही.

शिट्टी आली बाबांकडून. बाबा तीस वर्षं पुरुषांच्या सामन्यांत पंच होते. आता त्यांचे डोळे गेले होते, म्हणजे समोरचं दिसत नसे, कडेकडेचं थोडं दिसे. पण मुलीने शिट्टी हातात घेतली तेव्हा त्यांनी तिला सगळं शिकवलं होतं, आणि त्यात एक गोष्ट अशी शिकवली होती जी कुठल्याच नियमपुस्तकात नाही.

ती गोष्ट वहीची. पंचाच्या खिशात एक चिमुकली वही असते. कार्ड कोणाला दाखवलं, कितव्या मिनिटाला, ते त्यात टिपायचं. शहाणी माणसं पानावर संघांची नावं लिहितात. बाबा लिहीत नसत. धावता धावता नाव कोण वाचतं, म्हणायचे. वही उघडायची, डावं पान डावीकडच्या गोलसमोर खेळणाऱ्यांचं, उजवं पान उजवीकडच्यांचं. मैदान तशी वही. आता मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हा काय करायचं? वही उलटी धरायची, वरचं खाली. डावं पान उजवीकडे जातं, उजवं डावीकडे, आकडे उलटे दिसतात आणि उलटे दिसले की आपण बरोबर आहोत हे कळतं. तिला नोंदीची छापील कार्डं मिळत होती, त्यावर संघांची नावं ठळक अक्षरांत असत, ती ते सामन्यानंतर भरायची. मैदानात मात्र बाबांचीच पद्धत. हट्ट म्हणा, माया म्हणा.

बाबांचा एक धाकटा भाऊ होता. हा काका बाबांच्या सामन्यांत रेषेवर निशाण घेऊन धावायचा आणि रविवारी घरी जेवायला असायचा. थोरली तेरा वर्षांची असताना एका सामन्यानंतर त्याने निशाण कायमचं ठेवलं आणि घरी येणंही सोडलं. का, ते कोणी सांगितलं नाही. विषय निघाला की आई भांडी घासायला उठायची. पुढे आई गेली, विषय तसाच राहिला.

बाबांना जसा काका, तशी थोरलीलाही रेषेवर एक जण मिळाली होती. उंच, किडकिडीत, लांब पायांची, सगळ्या तिला बगळी म्हणायच्या. अकरा वर्षं दोघी एकत्र. मध्यंतराला खोलीत शिरल्याबरोबर बगळी एकच शब्द विचारायची, "वही?" आणि थोरली वही फिरवून म्हणायची, "उलटी." मग पाणी, मग बाकीचं सगळं. अकरा वर्षांत हे चुकलं नव्हतं.

तो सामना परदेशात होता. विश्वस्पर्धेच्या पात्रतेची शेवटची फेरी, दोन सामन्यांची, त्यातला हा पहिला. दुसरा चार दिवसांनी. तांबडा संघ आणि पांढरा संघ. थोरलीसाठी तो नुसता सामना नव्हता. स्पर्धेसाठी पंचांची यादी महिन्याभरात निघणार होती, तिचं नाव कच्च्या यादीत होतं, आणि पंचेचाळिशीनंतर नाव यादीत राहत नाही. म्हणजे या खेपेला नाही तर कधीच नाही. गॅलरीत निरीक्षक बाई बसल्या होत्या, गुण द्यायला. त्या एके काळच्या पंच, थोरलीला ओळखणाऱ्या, तिचं भलं चिंतणाऱ्या.

पहिला अर्धा डाव झकास गेला. एकतिसाव्या मिनिटाला पांढऱ्यांच्या आठ नंबरने, एका जाड वेणीच्या मुलीने, समोरचीचा शर्ट धरून ओढला. पिवळं कार्ड, वहीत आठ, एकतीस. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला मात्र बगळी रेषेवरून धावता धावता मटकन खाली बसली. पोटरी गेली होती.

मग मध्यंतराची पंधरा मिनिटं कुठे गेली ते कळलं नाही. बगळीच्या पायाला बर्फ, पट्टी, डॉक्टर. टेबलाशी बसणारी चौथी पंच, जिला सगळ्या चौथीच म्हणत, तिच्या हाती निशाण देऊन तिला रेषेवर पाठवायचं. चौथीच्या जागी टेबलाशी बगळीला बसवायचं. दोन्ही कप्तानांना कळवायचं, कागद भरायचा. बगळी वेदनेने ओठ चावत होती. तिने वहीचं विचारलं नाही. आणि तिने विचारलं नाही म्हणून थोरलीनेही काही म्हटलं नाही. वही खिशात होती तशीच राहिली.

त्रेसष्टाव्या मिनिटाला तांबड्यांच्या आठ नंबरने मागून पाय घातला. साधा फाऊल, पण कार्डाचा. थोरलीने शिट्टी मारली, पिवळं कार्ड वर केलं, वही उघडली. तांबड्या आता ज्या बाजूला होत्या त्या पानावर आठ लिहिलेलं होतंच. दुसरं पिवळं म्हणजे लाल. तिने लाल कार्ड काढलं.

ती मुलगी बघतच राहिली. मग तिने एक बोट वर केलं. एकच. तिला यांची भाषा येत नव्हती आणि यांना तिची, म्हणून ती नुसतं बोट दाखवत राहिली, एक, एक. तांबड्यांची कप्तान धावत आली, तिनेही तेच केलं. गॅलरीत हलकल्लोळ माजला. थोरलीने असं बोट वर करणाऱ्या शेकडो पाहिल्या होत्या. लाल कार्ड मिळालेली कुठली मुलगी बरोबर आहे म्हणते? या दर्जाच्या सामन्यांत कानात बोलायची यंत्रं मिळत नसत. जे काय ते डोळ्यांनी बघायचं. तिने टेबलाकडे एक नजर टाकली. बगळी एका पायावर उभी राहून, टेबलाला धरून, दुसरा हात जोरजोरात हलवत होती.

थोरलीला वाटलं, ही बाई पाय आणखी बिघडवून घेणार. तिने हातानेच खूण केली, बस खाली. आणि फ्री किकची शिट्टी मारली.

एकदा खेळ सुरू झाला की झालं. मग दिलेलं कार्ड परत घेता येत नाही. पंचाला हे शाळेतल्या पाढ्यासारखं पाठ असतं.

एकाहत्तराव्या मिनिटाला पांढऱ्यांच्या एका मुलीला कार्ड देऊन ती लिहायला गेली, तेव्हा आठच्या पुढे एकतीस हा आकडा दिसला. एकतीस म्हणजे पहिला अर्धा डाव. तिला जाड वेणी आठवली. मग लक्षात आलं की वहीतले आकडे सरळ दिसतायत. या वेळेला ते उलटे दिसायला हवे होते. जी रोज एक्स-रेवर डावं-उजवं लिहिते, जिने नोकरीत कधी डाव्याचं उजवं केलं नाही, तिने मैदानात केलं होतं. अजून एकोणीस मिनिटं उरली होती आणि ती काढायची होती. तिने काढली. दहा जणींनिशी खेळणाऱ्या तांबड्या सत्त्याऐंशीव्या मिनिटाला गोल खाऊन एक-शून्य हरल्या.

आत जाताना बोळात ती मुलगी भिंतीला टेकून बसली होती, एक बूट पायात, एक हातात. थोरली समोरून गेली तेव्हा तिने मान वर केली. रडून झालेलं होतं. आरडाओरडा केला असता, शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तिने तसलं काही केलं नाही. थोरलीने तिथे थांबून छातीवर हात ठेवला, मान खाली घातली आणि पुढे गेली. यापेक्षा जास्त काही करता येत नव्हतं आणि जे केलं ते काहीच नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

पंचांच्या खोलीत निरीक्षक बाई आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांनी दार लावून घेतलं. चौथी आणि दुसऱ्या रेषेवरची आंघोळीला गेल्या होत्या, बगळी बाकावर पाय लांब करून बसली होती.

"चूक झालीये हे सगळ्या जगाला कळलंय," निरीक्षक बाई म्हणाल्या. "त्या मुलीची चिंता करू नकोस. तू अहवालात नंबरची गफलत झाली असं लिहिलंस की तिच्यावरची बंदी उठेल, पुढचा सामना ती खेळेल. प्रश्न एवढाच की गफलत कुणाची."

"माझी," थोरली म्हणाली.

"घाई करू नकोस. कार्डांची दुसरी नोंद टेबलाकडे असते. पंच चुकला तर टेबलाने त्याला थांबवायचं असतं. तू लिही, टेबलाकडून वेळेत सूचना मिळाली नाही. खोटं थोडंच आहे? मिळाली का वेळेत?"

थोरली बुटाची नाडी सोडू लागली.

"वही फिरवायची विसरले असं लिहिलंस, तर यादीतून नाव गेलंच समज. यादी करणारी माणसं वही म्हटल्यावर हसतील आधी. उद्या चारपर्यंत अहवाल जायला हवा. विचार कर." बाई उठल्या. जाताना त्यांनी बगळीकडे बघितलं नाही.

त्या गेल्यावर बगळी म्हणाली, "घाल माझ्यावर."

"गप बस."

"का गप बसू? मी वहीचं विचारलं नाही, अकरा वर्षांत पहिल्यांदा. माझीही चूक आहेच की. आणि या पायाने मी आता कुठली धावतेय? माझं संपलं. तुझं एकच राहिलंय, ते तरी पदरात पडू दे."

"आणि नव्या मुलींना शिकवायची नेमणूक? पुढच्या महिन्यात तुला मिळणार होती ना? असा ठपका आल्यावर देतील?"

बगळीने पायावरची बर्फाची पिशवी उचलली, परत होती तिथेच ठेवली. "मला कुठे शिकवता येतं," ती म्हणाली. "मी आपली बगळी. एका पायावर उभी राहीन कुठेतरी."

विनोद होता, पण दोघींपैकी कोणी हसलं नाही. ती नेमणूक बगळीने सहा महिने उशाशी घेऊन झोपावं तशी जपली होती, हे थोरलीला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने दोघी परतल्या. बगळीला चाकांच्या खुर्चीतून न्यावं लागलं आणि थोरलीच ती ढकलत होती. सामन्याबद्दल वाटेत एक अक्षर निघालं नाही. टॅक्सीत बसताना बगळीने फक्त एवढंच सांगितलं, "चारपर्यंत हं. आणि शहाणपणा करू नकोस."

थोरली घरी पोचली तेव्हा बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते, चहाचा कप दोन्ही हातांत धरून. त्यांनी सामना कसा झाला ते विचारलं नाही. ते कधीच विचारत नसत. त्यांचे डोळे गेल्यापासून घरात एक रीत पडली होती: ती अहवाल लिहायची, धाडण्याआधी त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची, आणि ते कुठे शब्द जास्त झालाय, कुठे कमी पडलाय ते सांगायचे.

तिने आंघोळ केली, संगणक उघडला आणि लिहायला बसली. पहिल्या ओळी सहज आल्या. हवा, मैदान, प्रेक्षक, दुखापत. मग त्रेसष्टावं मिनिट आलं. तिने लिहिलं, खोडलं, लिहिलं. घड्याळात अडीच झाले. स्पर्धेचं मैदान तिने गेली वीस वर्षं मनात पाहिलं होतं. दोन संघ रांगेत उभे, मधे आपण, हातात चेंडू. फार मागत नव्हती ती. एकदाच तिथे उभं राहायचं होतं. आणि वाक्य तर खोटं नव्हतं. शेवटी तिने ते लिहिलं आणि पटापट पुढचं संपवून टाकलं.

"वाचते," ती म्हणाली.

बाबा मान तिरकी करून ऐकत होते. त्रेसष्टाव्या मिनिटाशी तिने आवाज न बदलता वाचलं, "क्रमांकाच्या नोंदीत गफलत झाल्याने तांबड्या संघाच्या आठ क्रमांकाच्या खेळाडूला चुकून बाहेर काढले गेले. टेबलाकडून वेळेत सूचना मिळाली नाही."

"थांब," बाबा म्हणाले. "शेवटचं परत वाच."

तिने वाचलं.

बाबांनी कप खाली ठेवला. बराच वेळ ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "टेबलाशी कोण होतं?"

"बगळी."

"वही उलटी केली होतीस?"

तिला रडू येत होतं आणि ते बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून ती श्वास धरून बसली.

"माझीही राहिली होती एकदा," बाबा म्हणाले. "तेव्हा उलटी करायची पद्धतच नव्हती माझी. मध्यंतरानंतर पानं मनातल्या मनात बदलायचो. हुशार होतो ना फार. त्या दिवशी नाही बदलली. भलत्याच पोराला बाहेर काढलं. तेव्हा दुसरी नोंद रेषेवरच्या माणसाकडे असायची. तुझ्या काकाकडे."

थोरलीने संगणक बाजूला सारला.

"मला बढतीचा सामना मिळायचा होता. अहवालात मी लिहिलं, रेषेवरून वेळेत सूचना मिळाली नाही. रेषेच्या जागी टेबल, बाकी तुझंच वाक्य. दोन वर्षं बंदी आली त्याच्यावर. मला सामना मिळाला."

"सूचना मिळाली नव्हती?"

"मिळाली होती." बाबांचा आवाज सपाट होता, सामन्याचा निकाल सांगावा तसा. "निशाण वर करून तो अर्ध्या मैदानापर्यंत धावत आला होता. मी त्याला हाताने परत जा म्हटलं. मला वाटलं, पोरटं मला शिकवतंय. ते आम्हा दोघांनाच माहीत. त्याने कुणाला सांगितलं नाही. येणं बंद केलं, बस. त्यानंतर मी वही उलटी करायला लागलो, आणि तू शिट्टी घेतलीस तेव्हा तुला शिकवलं. वाटलं, एवढं शिकवलं की फिटलं."

टेबलाला धरून एका पायावर उभी असलेली बगळी थोरलीला दिसली. आपण केलेली खूणही दिसली, बस खाली. आदल्या दिवसापासून ती हे स्वतःपाशी सुद्धा बोलली नव्हती. वेळेत नाही म्हणे. सूचना वेळेत आली होती, फ्री किकच्या आधी आली होती, आणि तिने ती हाताने परत पाठवली होती.

"बाबा, मीही तिला बस म्हटलं," ती म्हणाली. मग तिला रडू आवरलं नाही.

बाबांनी तिला रडू दिलं. "मी काही सांगत नाही तुला काय लिहायचं ते," थोड्या वेळाने ते म्हणाले. "माझं तोंड नाही तेवढं. पण तो सामना मी खेळवला, आणि एकतीस वर्षांत त्यातलं मला काही आठवत नाही. निकालसुद्धा नाही. तो धावत आला होता तेवढंच आठवतं."

साडेतीनला थोरलीने ते वाक्य काढलं आणि त्या जागी लिहिलं: मध्यंतरानंतर मी माझी नोंदवही फिरवायची विसरले. टेबलावरील पंचांनी खेळ सुरू होण्याआधी उभे राहून मला खूण केली होती. मी ती पाहिली आणि त्यांना बसायला सांगितले. चूक संपूर्ण माझी आहे. तिने ते वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "संपूर्ण काढ. जास्त होतो." तिने तो शब्द काढला आणि अहवाल धाडला.

यादी तीन आठवड्यांनी आली. तिचं नाव नव्हतं, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. त्या तांबड्या मुलीने दुसरा सामना खेळला; तांबड्या तोही हरल्या. बगळीला नेमणूक मिळाली, पण अहवाल वाचल्यावर तिने थोरलीला फोन करून अर्धा तास फैलावर घेतलं, अक्कल गहाण ठेवलीस का म्हणाली, आणि मग फोनवरच गप्प झाली. दोघी तशाच फोन कानाला लावून बसल्या. आता ती नव्या मुलींना शिकवते तेव्हा पहिल्या दिवशी वहीचं सांगते म्हणे.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी अहवाल गेल्यावर थोरली उठून चहा टाकायला लागली, तर बाबा म्हणाले, "बस जरा. एक कागद घे. साधा, हाताने लिहायचा."

ती कागद घेऊन बसली.

"लिही. मी तुझी खूण पाहिली होती. चूक माझी होती." ते थांबले. तिला वाटलं, पुढे आणखी काही येईल, क्षमा, आशीर्वाद, तब्येत. "एवढंच," बाबा म्हणाले. "कुठे सही करायची ते दाखव."

तिने त्यांचं बोट धरून कागदावर नेमक्या जागी ठेवलं. सही तिरकी झाली, वर चढत गेली, आणि शेवटचं अक्षर कागदाबाहेर टेबलावर उमटलं.

"पण पाठवायचं कुठे?" ती म्हणाली. "काका कुठे असतो ते माहीत आहे का आपल्याला? आईच्या वेळेलाही तो आला नव्हता."

"आईच्या वेळेला मीच कळवलं नव्हतं." बाबांनी तिच्याकडे न बघता, म्हणजे ज्या बाजूने त्यांना थोडं दिसायचं त्या बाजूने बघत, गल्ली, घराचा नंबर, मजला, पिन कोड सगळं एका दमात सांगितलं. मग म्हणाले, "आधी दोन घरं होती त्याची. ही तिसरी जागा, नऊ वर्षं झाली. कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे. डोळे चांगले होते तोवर मी जायचो तिथपर्यंत."

"आणि?"

"दुकानापासूनच परत यायचो."

थोरलीने पत्ता लिहिला. मग पाकीट बाजूला ठेवून ती उठली, खुंटीवरची त्यांची टोपी आणि काठी आणली, आणि दोन्ही त्यांच्या हातात दिली.

"पत्र आपणच नेऊन देऊ," ती म्हणाली. "या वेळेला दुकानापाशी थांबायचं नाही."